सहा नंबरचं घर

माझ्या लग्नाला माझी सख्खी आत्या आली नाही, कारण लग्न शनिवारी होतं. ती रविवारी दुपारी आली. तोवर भाड्याच्या खुर्च्याही परत गेल्या होत्या. तिने मला सहा पांढरे टॉवेल दिले आणि वर सांगितलं, "डॉक्टरांना विचारून आणलेत हं. उगाच कुणी काही म्हणायला नको." डॉक्टर म्हणजे तिचे मालक. कुणी काही म्हणणार नव्हतं. मी मात्र म्हणाले, आणि बरंच म्हणाले.

पुढे चार वर्षांनी माझे वडील गेले, म्हणजे तिचा एकुलता एक भाऊ. गेले ते ऐन हंगामात, शुक्रवारी संध्याकाळी. शनिवारी सकाळी आम्ही त्यांना निरोप दिला आणि आत्या त्या दिवशीच्या शेवटच्या बसने पोचली. तिच्या हातांना फिनेलचा वास येत होता. "पाच घरं होती गं," एवढंच ती म्हणाली. मी तिच्याशी सहा महिने बोलले नाही. तिने ते मनाला लावून घेतलं नाही, किंवा घेतलं असेल तर दाखवलं नाही. गावात तिला सगळे शनिवारबाई म्हणायचे, आणि तिला ते नाव आवडायचं. मला त्याचा सगळ्यात जास्त राग यायचा.

समुद्राच्या वरच्या अंगाला, गवताळ उताराच्या कडेला सहा दगडी घरांची एक रांग आहे. पूर्वी तिथे खाणकामगार राहायचे. खाण बंद पडली, माणसं पांगली, आणि शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरांनी ती अख्खी रांग विकत घेतली. पाच घरं त्यांनी सुट्टीवर येणाऱ्यांना आठवड्याच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. हॉटेल नव्हे. किल्ली घ्यायची, आपलं आपण रांधायचं, आपली भांडी आपण घासायची. जे घरी फुकट करता येतं तेच समुद्र बघत बघत करायला लोक पैसे मोजून येतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण येतात, आणि एकदा आले की दरवर्षी येतात.

जुने पाहुणे शनिवारी सकाळी दहाला जायचे आणि नवे दुपारी चारला यायचे. मधल्या सहा तासांत पाचही घरं अशी करायची की तिथे कधी कुणी राहिलंच नव्हतं असं वाटलं पाहिजे. चादरी, अभ्रे, टॉवेल बदलायचे. मोरीच्या जाळीतले केस काढायचे. समुद्रावरून माणसं वाळू किती आणतात याची त्यांना स्वतःला कल्पना नसते. ती गादीखाली असते, फ्रिजमध्ये असते, एकदा तर साखरेच्या डब्यात निघाली. पलंगाखाली वाकून एकेकटे मोजे गोळा करायचे. प्रत्येक स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली होती. ताटल्या आठ, चमचे आठ, कप सहा, कढई एक. आत्या त्या यादीवरून बोट सरकवत एकेक वस्तू बघायची, आणि चमचा कमी निघाला तर कचऱ्याची पिशवी उपसायची. चमचा बहुधा तिथेच असायचा.

पाहुणे मागे काय काय सोडून जातात त्यावर आत्याचं स्वयंपाकघर चालायचं. अर्धी तेलाची बाटली, चार अंडी, मुरंब्याची तळाला आलेली बरणी. मीठ तर तिने पंचवीस वर्षांत विकत घेतलं नाही. दर कुटुंब आल्या आल्या नवा पुडा आणायचं, दोन चिमटी वापरायचं आणि सोडून जायचं. आत्याच्या फळीवर कायम अकरा-बारा पुडे असायचे. आत्या डॉक्टरांच्या मिठाला जागते, असं गावात कौतुकाने बोलायचे. मी म्हणायचे, मीठ तरी डॉक्टरांचं कुठे होतं.

रांगेतलं शेवटचं, सहा नंबरचं घर आत्याचं. म्हणजे आम्ही सगळे तसं म्हणायचो. आत्याचे यजमान गवंडी होते. खाणकामगारांच्या त्या पडक्या खोल्यांची घरं त्यांच्याच हातांनी झाली. काम चालू असताना राहायला म्हणून डॉक्टरांनी त्यांना सहावं घर दिलं होतं, ते काम संपल्यावरही राहिलं. कडेचं असल्यामुळे त्या घराला एक भिंत जास्त मोकळी होती. एका रविवारी काकांनी डॉक्टरांना न विचारता ती भिंत फोडून खिडकी बसवली. आयुष्यात न विचारता केलेली त्या दोघांची ती एकच गोष्ट. पुढच्या खिडकीतून समुद्र दिसायचा, आणि या नव्या खिडकीतून उतार, त्यावर चरणाऱ्या मेंढ्या आणि दूर वळत गेलेला रस्ता. त्यांना मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी दोघं त्या खिडकीशी खुर्च्या टाकून बसायची आणि रस्त्यावरून कोण येतंय ते ओळखायचा खेळ खेळायची.

काका गेले तेव्हा डॉक्टर शहरातून आले. दारात उभं राहून, हात जोडून ते आत्याला म्हणाले, "बाई, हे घर तुमचंच समजा. शेवटपर्यंत." आत्याने ते समजून घेतलं. ती त्यांचे उपकार सांगत सुटली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मलाही डॉक्टर देवमाणूस वाटले. आता मी एका कार्यालयात कागदपत्रांच्या विभागात काम करते. 'समजा' हा शब्द कुठल्याही करारात मी अजून पाहिलेला नाही.

हे असंच चालत राहिलं असतं, पण पाच वर्षांपूर्वी ऐन हंगामात, शनिवारी दुपारी अडीच वाजता, तीन नंबरच्या घराची माळ्यावरची टाकी फुटली. छताच्या फळ्या पाण्याने फुगल्या आणि दोन खाटांवर धो धो पाणी आलं. त्या घरात चारला येणारं कुटुंब होतं. नवरा, बायको आणि म्हातारी सासू, आणि ती मंडळी पहाटेच निघालेली. आत्याने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "बाई, काहीतरी करा. माझी अब्रू तुमच्या हातात आहे."

त्यांना पैसे परत करून माफी मागता आली असती. पण कुणी अब्रू हातात दिली की आत्याला हात झटकता येत नाहीत. तिने चादरींच्या टोपलीत आपले कपडे, गोळ्या, दात घासायचा ब्रश आणि काकांचा फोटो भरला, सहा नंबरचं घर झाडूनपुसून लख्ख केलं आणि चारच्या ठोक्याला किल्ली घेऊन दारात उभी राहिली. स्वतः तो आठवडा चादरींच्या खोलीत काढला. एक नंबरच्या मागची ती खोली. दोन धुलाईयंत्रं, एक कपडे वाळवायचं यंत्र, तिन्ही भिंतींना फळ्या, आणि उजेडाला छताजवळ हातभर झरोका. इस्त्रीचं टेबल मिटवलं तरच खाट उघडायची.

आलेल्या मंडळींनी 'हे घर कुणाचं' असं विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगायची आत्याची पद्धत नव्हती. त्यांना वाटलं, हेही भाड्याचंच, फक्त जरा निराळं सजवलेलं. जाताना त्यांनी अभिप्रायाच्या वहीत दोन पानं लिहिली. प्रत्येक घरात ती वही असायची, आणि बाकीच्या वह्यांत 'छान', 'पुन्हा येऊ', 'गरम पाणी थोडं कमी' यापलीकडे फारसं काही नसायचं. या मंडळींनी खिडकीबद्दल लिहिलं होतं, न जुळणाऱ्या कपांबद्दल लिहिलं होतं, ठिगळांच्या गोधडीबद्दल लिहिलं होतं. इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणी राहिलो, पण घरात आल्यासारखं इथेच वाटलं, असा शेवट होता. आत्याकडे सहाव्या घराची वही नव्हतीच. तिने तीन नंबरची आणून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी गेले होते. आत्याने दारातच वही माझ्या हातात दिली.

"वाच."

मी वाचलं.

"मोठ्याने वाच."

मी मोठ्याने वाचलं. ती स्टोव्हकडे तोंड करून ऐकत होती. मग म्हणाली, "डॉक्टरांना पाठव. त्यांनाही बरं वाटेल, फार काळजीत होते बिचारे."

दोन्ही पानांचे फोटो मी काढले. ते तिने सांगितलं म्हणून. पण खिडकीचा फोटो मी माझ्या मनाने काढला. तिरपं ऊन आत आलं होतं, काठावर तिची दोन झाडं होती, मागे उतार हिरवागार. मला वाटलं, आपली आत्या किती टापटिपीने राहते ते एकदा त्या माणसाला दिसू दे. एक नीट आला नाही म्हणून मी खुर्ची बाजूला सरकवून दुसरा काढला. दहा मिनिटांत डॉक्टरांचं उत्तर आलं. 'अप्रतिम!' आत्या दोन दिवस तो शब्द कुणाकुणाला सांगत होती.

हंगाम संपल्यावर डॉक्टर आले. येताना केक घेऊन आले. पुढचं सगळं मला आत्याने फोनवर सांगितलं, आणि तेही आनंदाची बातमी सांगावी तशी सुरुवात करून. डॉक्टर काकांच्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत या घरात आपण कधी पाऊल टाकलं नाही, हे ते दोनदा म्हणाले. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. मग त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही तो आठवडा चादरींच्या खोलीत काढलात ना? काही त्रास?"

"छे, कसला त्रास," आत्या म्हणाली. "यंत्रामुळे ऊबच असते."

हे तिने मला सांगितलं तेव्हा मी फोन कानापासून लांब धरला. पुढे काय येणार ते मला कळलं होतं. तिला डॉक्टरांसमोर बसूनही कळलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, तो खिडकीचा फोटो जाहिरातीत टाकल्यापासून लोक सारखे या कडेच्या घराची चौकशी करताहेत. ही तुमच्याच हाताची पावती आहे, बाई. पुढच्या हंगामापासून सहा नंबरही द्यावं म्हणतो. खोलीत तुम्हाला चांगली खाट टाकून देतो, झरोका मोठा करून घेतो. इथल्या वस्तू मात्र हलवू नका. लोकांना त्याच आवडल्यात.

"आणि तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"बरं म्हणाले."

"नाही म्हणायला काय झालं होतं?"

"त्यांनी इतक्या आदबीने विचारलं गं," ती म्हणाली.

मी डॉक्टरांना फोन केला. माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्यांना माहीत आहे, त्या दिवशी तो जिभेवरही होता. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. भांडायला आलेल्याचं शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेणारी माणसं मला सहन होत नाहीत. मी थांबल्यावर ते म्हणाले, "घर त्यांचंच आहे. दर शनिवारी त्याच तर ते बघणार आहेत. आणि मी जबरदस्ती केलेली नाही, त्यांनीच होकार दिलाय. तुम्ही विचारा ना त्यांना." मी काय विचारणार. कागद नव्हता, साक्षीदार नव्हता, आणि जिचं घर जात होतं तीच त्यांच्या बाजूने होती. मी फोन ठेवला आणि रागाच्या भरात आत्यालाच पुन्हा लावून तिच्यावर ओरडले. एवढंच मला जमलं.

सहा नंबरच्या कपाटाच्या दाराला यादी लागली. ती आत्यानेच लिहिली, तिच्या गोल अक्षरात. कप पाच, एकाचा कान तुटका. गोधडी एक. खुर्च्या दोन, खिडकीशी. डॉक्टरांनी भिंतीवर एक पाटी आणून लावली, 'इथे वेळ थांबतो'. फळीवरून मिठाचे पुडे गेले आणि तिथे विकतचे शंख आले. झरोका होता तेवढाच राहिला.

मी त्या वर्षी फारशी गेले नाही. तिला त्या खोलीत बसलेली बघायची माझी तयारी नव्हती, आणि त्यावर माझ्याकडे इलाज नव्हता, असं मी घरात सांगत असे. आमच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत सासूबाईंची खाट, बाहेर आम्ही तिघं, त्यात मुलीचं शेवटचं वर्ष. नवरा एकदा जेवताना म्हणाला होता, आत्यांना इकडे आणायचं का? मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला आणि विषय तिथेच राहिला.

हंगाम संपत आला तेव्हा मात्र मी रजा टाकून गेले, आणि नेमकी शनिवारी गेले. तीस वर्षांत मी शनिवारी तिच्याकडे कधी गेले नव्हते. दोन वाजले होते. एक ते पाच नंबरची दारं बंद होती, पायपुसणी झटकून ठेवलेली. आत्या सहा नंबरमध्ये होती. खिडकीशी, तिच्या खुर्चीत. समोर कान तुटलेल्या कपात चहा आणि ताटलीत कुणाच्या तरी उरलेल्या ब्रेडचे दोन तुकडे.

"झालीसुद्धा सगळी?" मी विचारलं.

"हल्ली पाच घरं चार तासांत उरकते," ती म्हणाली. "म्हणजे मग इथे निवांत दोन तास मिळतात. बस. पण खाटेवर नको बसूस, चुरगळेल."

मी दुसऱ्या खुर्चीत बसले. तिचं वय तेव्हा अडुसष्ट होतं. पाच घरं चार तासांत. तिची बोटं गाठीगाठीची झाली होती, आणि कप उचलायला ती दोन्ही हात लावत होती. तिने मला सांगितलं, या आठवड्यातले पाहुणे चांगले होते, त्यांनी झाडांना पाणी घातलं होतं. त्याआधीच्यांनी खिडकी रात्रभर उघडी टाकली होती. ती दुसऱ्यांच्या घराबद्दल बोलावं तसं बोलत होती आणि मला ते ऐकवेना.

"आत्या, पुरे झालं हे," मी म्हणाले. "तू माझ्याकडे ये राहायला."

तिने कप खाली ठेवला. आयुष्यभर मी तिला बोलावत आले होते, सणासमारंभाला, बाळंतपणाला, सुट्टीला, आणि आयुष्यभर ती 'शनिवार आहे गं' म्हणत आली होती. आताही तेच म्हणेल असं मी धरून चालले होते. त्या भरवशावरच माझा आवाज इतका ठाम निघाला असेल.

"खरंच म्हणतेस?" तिने विचारलं.

"हो."

"कधी येऊ?"

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. ती वाट बघत होती. किती दिवस बघत होती कोण जाणे. आणि माझ्या डोळ्यांपुढे काय आलं, तर सासूबाईंची खाट, मुलीची पुस्तकं, सकाळी मोरीपुढची रांग. क्षणभरच. पण तिने इतकी वर्षं पाहुण्यांची तोंडं वाचण्यात घालवली होती.

"हा हंगाम संपू दे," मी म्हणाले. "मुलीची परीक्षा होऊ दे. मग बघू."

आत्याने मान हलवली. उठून कप धुतला, पुसला, यादीतल्या बाकी कपांशेजारी ठेवला. फडकं घेऊन खिडकीचा काठ पुसू लागली.

"डॉक्टरांचं एक बरं आहे," ती म्हणाली. "ते 'बघू' म्हणत नाहीत. काय असेल ते तोंडावर सांगतात."

ती रागाने बोलली नाही. टोमणा मारायला तिला येतच नव्हतं. तिला जे वाटलं ते तिने सांगितलं, आणि मग मला पाय उचलायला सांगितलं, माझ्या खुर्चीखालचं पुसायचं राहिलं होतं म्हणून. पावणेचारला वळणावर गाडी दिसली तेव्हा मी मागच्या बाजूने निघून बसथांब्यावर गेले.

त्याला आता चार वर्षं होतील. मुलगी शिकून परगावी नोकरीला लागली. सासूबाई गेल्या, आतली खाट मोकळी आहे, तिच्यावर आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवतो. आत्या अजून त्या झरोक्याच्या खोलीत राहते. दर रविवारी आमचं फोनवर बोलणं होतं. हवा कशी आहे, पाहुणे कसे आहेत, गुडघे कसे आहेत. मी तिला पुन्हा विचारलेलं नाही. आता विचारलं आणि ती नाही म्हणाली तर फार लागेल, असं मी नवऱ्याला सांगते. खरी भीती ती हो म्हणेल, हीच आहे.